ताम्रपट, ठसे आणि शुद्धिपत्रे
बेळगाव–निपाणी परिसरातील कोरीव लेखांच्या प्रकाशनाचा एक इतिहास

विद्वत्तेच्या नियतकालिकात लेख छापणाऱ्याने आपला आधार दाखवावा, तो इतरांना तपासता येईल अशा रूपात द्यावा, ज्याची मदत झाली त्याचे नाव घ्यावे, चूक उघड झाली तर ती मान्य करावी आणि विरुद्ध मत मांडणाऱ्याला जागा नाकारू नये, हे नियम आज संपादकांच्या संहितांत कलमवार लिहिलेले असतात. १९९७ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी स्थापन केलेली प्रकाशन-नीतिशास्त्र समिती अशा संहितांचे जगभर मानले जाणारे पीठ आहे. मात्र या नियमांमागच्या प्रश्नांशी बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी या पट्ट्याची गाठ त्याच्या सव्वाशे वर्षे आधीच पडली होती, आणि ती प्रयोगशाळेत नव्हे तर शेताच्या बांधाशी, जैन बस्तीच्या भिंतीपाशी आणि विहिरीजवळच्या मातीच्या ढिगाऱ्यात पडली. ताम्रपट आणि शिलालेख यांची वाचने छापताना काय लपवता येत नाही आणि काय छापलेच पाहिजे, याचे संकेत या प्रदेशातील लेखांवर काम करता करता घडत गेले. ते पाळले गेले त्याचा, आणि मोडले गेले त्याचाही, येथे विचार करावयाचा आहे.

कागदाच्या खरेखोटेपणाला या प्रदेशात किती मोल होते, हे कित्तूरच्या प्रकरणावरून दिसते. सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र सर्जा निपुत्रिक वारले. त्यांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतल्याचे सांगणारे जे पत्र पुढे आले, ते अस्सल आहे की मागाहून रचलेले, अशी शंका धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने घेतली. त्या शंकेतून पुढे जे युद्ध झाले त्यात २३ ऑक्टोबर रोजी थॅकरे स्वतः मारला गेला आणि राणी चन्नम्मा हे नाव इतिहासात गेले. थॅकरेचे दोन तरुण साहाय्यक कित्तूरकरांच्या कैदेत सापडले. त्यांपैकी एक वॉल्टर इलियट होता. याच इलियटने पुढील काही वर्षांत धारवाड–बेळगाव भागातील पाचशेवर कोरीव लेखांच्या हातनकला करवून घेतल्या आणि त्यांच्या आधारे १८३७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात चालुक्यादी राजघराण्यांची पहिली सुसंगत मांडणी छापली. एका संशयित पत्रामुळे कैद भोगलेल्या माणसाने जुन्या दानपत्रांच्या संग्रहास आरंभ करावा, हा योगायोग असेलही, पण बोलका आहे.

इलियटची पद्धत मात्र तपासाला पुरेशी नव्हती. गावोगावच्या जाणत्यांकडून मूळ लेखाची अक्षरे चालू लिपीत उतरवून घेतली की काम संपत असे, आणि नकल करणाऱ्याला जे अक्षर लागले नाही तेथे त्याने अंदाजाने काय भरले हे वाचकाला कळायला मार्ग नसे. ग्रॅहम या अधिकाऱ्याने १८५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोल्हापूर संस्थानच्या अहवालात शिलाहार राजांचे लेख भाषांतरांसह दिले होते, परंतु त्यांचे आधार हाताने काढलेली चित्रे हेच असल्यामुळे नंतरच्या अभ्यासकांना बहुतेक लेख पुन्हा मुळावरून वाचावे लागले. या पिढीने खोटे काही लिहिले नाही. तिने आपले म्हणणे पडताळून पाहण्याची सोय वाचकाला दिली नाही, एवढाच तिचा दोष होता, आणि विद्वत्तेच्या व्यवहारात तो लहान मानता येत नाही.

त्याच काळात जुन्या दानपत्रांकडे पाहण्याची लोकांची दृष्टीही बदलत होती. दक्षिण मराठा प्रदेशात १८४३ पासून इनामांची चौकशी सुरू झाली, १८५२ च्या कायद्याने तिला आयोगाचे रूप आले आणि ज्याच्या घरी सनद नाही त्याच्या जमिनीवर आकार बसू लागला. निपाणीकर देसाई सिद्धोजीराव निंबाळकर १८३९ मध्ये वारल्यावर त्यांची जहागीर सरकारजमा झाल्याची आठवण ताजी होती. अशा वेळी घरातला किंवा मठातला ताम्रपट म्हणजे तांब्याच्या दोन-तीन पत्र्यांना भोके पाडून कडीत ओवलेले, राजमुद्रा असलेले शासन, हा पूजेचा विषय असला तरी हक्काचा पुरावाही होता. सरकारी अधिकाऱ्याने तो पाहायला मागितला तर तो दाखवावा की पुरून ठेवावा, हा प्रश्न मालकाला पडणे स्वाभाविक होते. लेख मागणारा विद्वान आणि सारा ठरवणारा साहेब हा पुष्कळदा एकच माणूस होता, ही अडचण त्या काळच्या संशोधनपर लेखांत क्वचितच बोलून दाखवलेली आढळते.

जॉन फेथफुल फ्लीट हा असाच दुहेरी भूमिकेतला माणूस. १८६७ मध्ये तो मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत आला, १८७२ मध्ये दक्षिण विभागाचा शिक्षण निरीक्षक झाला आणि पुढे कोल्हापूर व दक्षिण मराठा संस्थानांच्या पोलिटिकल एजंटाचा साहाय्यक म्हणून त्याने काम केले. संस्कृत तो लंडनमध्येच शिकला होता. जुन्या कन्नडचा अभ्यास त्याने येथे केला. त्याच १८७२ साली जेम्स बर्जेस याने मुंबईत ‘इंडियन अँटिक्वरी’ हे मासिक सुरू केले आणि फ्लीट त्याच्या सर्वांत नेटाने लिहिणाऱ्या लेखकांपैकी एक झाला. १८८५ पासून काही वर्षे तो रिचर्ड टेम्पल याच्याबरोबर त्याचा संपादकही होता.

खानापूर तालुक्यातील हलशी हे गाव म्हणजे कदंबांच्या शासनांतील पलाशिका. या गावाबाहेर नंदगडच्या वाटेवर चक्रतीर्थ नावाच्या विहिरीजवळ मातीच्या ढिगाऱ्यात कदंब राजांचे ताम्रपट सापडले. काकुत्स्थवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा आणि हरिवर्मा यांनी दिलेल्या या दानांत जैनांना दिलेल्या भूमीचा उल्लेख वारंवार येतो. फ्लीटने ते प्रथम मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले, आणि १८७७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त त्यांचे पुन्हा संपादन केले. एकदा छापलेले काम पुन्हा छापण्यात आज स्वतःचीच पुनरुक्ती केल्याचा आरोप होऊ शकतो, पण येथे हेतू उलटा होता. पहिल्या वाचनातील उणिवा दूर करणे आणि सुधारलेला पाठ अधिक वाचकांपुढे ठेवणे हे त्याचे प्रयोजन होते. त्याने १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेला मुंबई इलाख्यातील कानडी जिल्ह्यांच्या राजवंशांवरील शंभरेक पानांचा ग्रंथही १८९६ च्या गॅझेटियरसाठी जवळजवळ नव्याने लिहिला आणि जुन्या मतांपैकी जी टिकली नाहीत ती स्वतःच बाजूला काढली.

या काळातील खरी क्रांती ठशाची आहे. दगड किंवा पत्रा स्वच्छ करून त्यावर ओला कागद बसवायचा, तो कुंचल्याने ठोकून अक्षरांच्या खाचांत उतरवायचा आणि वर शाई फिरवायची, म्हणजे उठावाचा भाग काळा होतो व अक्षरे पांढरी राहतात. या प्रतिमेला ठसा म्हणतात. त्याआधी अक्षरे उठून दिसावीत म्हणून ती दगडावर रंगवून मग छायाचित्र घेण्याची रीत होती, आणि रंगवणाऱ्याला लिपी येत नसेल तर छायाचित्रात त्याचीच चूक पक्की होऊन बसे. फ्लीट आणि त्याच्यानंतर ‘एपिग्राफिया इंडिका’चे संपादक हुल्ट्श यांनी प्रतिमा निव्वळ यांत्रिक असावी, तिच्यावर हाताने काहीही दुरुस्त करू नये, असा आग्रह धरला. हा आग्रह वरवर तांत्रिक वाटतो. परंतु संपादकाने वाचनाशेजारी न रंगवलेला ठसा छापणे म्हणजे स्वतःला खोटे ठरवण्याचे साधन वाचकाच्या हाती देणे होय, आणि विद्वत्तेच्या प्रामाणिकपणाची याहून चांगली कसोटी त्या शतकाला सापडली नव्हती.

ही कसोटी सर्वाधिक उपयोगी पडली ती बनावट लेखांच्या बाबतीत. राजशासनाची खोटी प्रत करणाऱ्याला मनुस्मृतीने देहान्ताची शिक्षा सांगितली आहे, यावरून हा उद्योग किती जुना आहे हे कळते. तेव्हाच्या संपगाव तालुक्यातील कळभावी येथील जैन शिलालेख फ्लीटने १८८९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात शके २६१, म्हणजे इसवी सन ३३९ च्या सुमाराचे वर्ष दिले आहे आणि त्याच संदर्भात अमोघवर्ष या राजाचे नाव येते, ज्याचा राज्यकाल नवव्या शतकातला. शिवाय अक्षरांची घडण अकराव्या शतकाच्या आसपासची. जुने दान नष्ट झाले किंवा कोणी बळकावले, मग शतकांनंतर त्याचे पुनरुज्जीवन करताना स्मरणात राहिलेली नावे आणि हवे तितके जुने वर्ष एकत्र करून लेख कोरला गेला, असा त्याचा उलगडा होतो. हेतू फसवणुकीचाच असेल असे नाही. हक्क खरा आणि कागद खोटा, ही परिस्थिती इनामांच्या चौकशीतून गेलेल्या या प्रदेशाला नवीन नव्हती.

कोल्हापूर संस्थानातील आळते येथल्या ताम्रपटाचे प्रकरण अधिक गाजले. तो पहिल्या पुलकेशीच्या काळातील शके ४११ चा आहे असे त्यातच म्हटलेले असून, सामियार नावाच्या मांडलिकाने एका जिनालयाला दिलेल्या दानाची ती नोंद आहे. वॉथेन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात त्याची ओळख करून दिली होती, आणि त्यावर विसंबून चालुक्यांचा काळ मागे नेला जात होता. फ्लीटने १८७८ मध्ये तो पुन्हा संपादून बनावट ठरवला. १९४० च्या दशकात बदामीच्या कड्यावरील पहिल्या पुलकेशीचा शके ४६५ चा लेख प्रकाशात आला, तेव्हा आळत्याच्या ताम्रपटातील वर्ष त्याच्या राज्यकालात बसत नाही हे दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्याने पक्के झाले. फ्लीट त्याआधी दोन तपांहून अधिक काळ, १९१७ मध्ये, वारला होता.

बनावट ठरलेला लेख त्याने टाकून दिला नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील सूडी येथील गंग राजाच्या नावाचा ताम्रपट त्याने ‘एपिग्राफिया इंडिका’च्या तिसऱ्या खंडात पूर्ण पाठासह छापला आणि शीर्षकातच तो बनावट असल्याचे सांगितले. १९०१ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त त्याने भारतभरच्या बनावट लेखांची लांबलचक यादीच दिली. आजच्या नियतकालिकांत मागे घेतलेला लेख पुसून न टाकता त्यावर तशी खूण करून तो वाचण्यास उपलब्ध ठेवावा, असा जो दंडक आहे, त्यामागची समजूत हीच आहे.

परंतु संशय हीदेखील सवय होऊ शकते. म्हैसूर संस्थानात ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ची ग्रंथमाला सिद्ध करणारे लुईस राइस यांचे आणि फ्लीटचे पश्चिम गंगांच्या ताम्रपटांवरून वर्षानुवर्षे बिनसले होते. राइस हे ताम्रपट अस्सल धरून गंगांची प्राचीन वंशावळ मांडत. फ्लीट एकामागून एक ताम्रपट बनावट ठरवत गेला आणि शेवटी त्या वंशावळीतील आरंभीचे राजेच काल्पनिक असल्याच्या निष्कर्षापर्यंत पोहोचला. पुढे पेनुगोंड येथील ताम्रपट मिळाले. त्यांची लिपी, भाषा आणि मजकूर पाहून फ्लीटने १९१५ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ते अस्सल असल्याचे मान्य केले, आणि ज्यांना त्याने नाहीसे केले होते अशा राजांना इतिहासात जागा परत मिळाली. अनेक ताम्रपटांबाबत तो बरोबर होता, राजांबाबत चुकला होता. ही कबुली त्याने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, निवृत्तीनंतर अठरा वर्षांनी दिली. राइस यांची बाजू त्याच्या हयातीत छापली जात राहिली म्हणूनच ती देण्याची वेळ आली, हेही विसरता येत नाही.

श्रेयाच्या बाबतीत हा इतिहास इतका उजळ नाही. दगड कोठे आहे हे सांगणारा कुलकर्णी, ठसा घेणारा कारकून, अवघड हळेगन्नड ओळ सोडवून देणारा शास्त्री यांच्यापैकी फार थोड्यांची नावे छापील पानापर्यंत आली, आणि आली ती बहुधा आभाराच्या एका वाक्यात. ज्यांना स्वतःच्या नावाने लिहिता आले त्यांची उदाहरणे म्हणूनच उठून दिसतात. कन्नड आणि संस्कृत या दोन्हींत पारंगत असलेले काशिनाथ बापूजी पाठक यांनी तेव्हाच्या सांगली संस्थानातील तेरदाळचा जैन शिलालेख १८८५ मध्ये संपादून प्रसिद्ध केला. शाळाखात्यात नोकरी करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी कोरीव लेखांतील तिथी-वारांचा गणिताने पडताळा घेण्याचे काम केले, आणि गुप्तांच्या लेखांवरील १८८८ च्या फ्लीटच्या खंडात त्यांचे बार्हस्पत्य संवत्सरचक्रावरील लेखन त्यांच्याच नावाने परिशिष्ट म्हणून आले. १८९६ मध्ये भारतीय पंचांगावरील इंग्रजी ग्रंथाच्या मुखपृष्ठावर रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर दीक्षितांचे नाव सहलेखक म्हणून आहे. एका सरकारी अधिकाऱ्याने नेटिव शिक्षकाला त्या काळी टिपेत न घालता मुखपृष्ठावर घेतले, याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. इतर शेकडो साहाय्यकांना ते भाग्य लाभले नाही, हे मात्र त्यातूनच अधोरेखित होते.

एका बाबतीत फ्लीटच्या प्रामाणिकपणाला दाद द्यावीच लागते. त्याने ‘इंडियन अँटिक्वरी’त कन्नड लावण्या मुळासह आणि भाषांतरासह छापल्या. त्यांत १८३१ मध्ये नंदगड येथे फाशी गेलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या बंडाची आणि हलगलीच्या बेडरांच्या उठावाची लावणी होती. आपल्याच सरकारविरुद्ध उठलेल्यांना लोक कसे गातात, हे त्याच सरकारच्या नोकराने काटछाट न करता विद्वानांपुढे ठेवले.

मूळ वस्तूंचे काय झाले, हा निराळा आणि कडवट भाग आहे. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, १२०४ च्या सुमारास, त्याचा मंत्री बीचण याने बांधली. त्या राजाच्या बेळगावातील दोन शिलालेखांचे संपादन लायोनेल बार्नेट यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या तेराव्या खंडात केले, ते दगड लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असताना. पाठ छापला गेला, ठसा छापला गेला, दगड मात्र जेथील दानाची ग्वाही देण्यासाठी कोरला होता तेथे राहिला नाही. निपाणीजवळच्या भोज गावातील याच कार्तवीर्याचा शके ११३१ चा ताम्रपट १८९० मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त आला, पण तो इंग्रजी संपादनात आला, आणि ज्यांच्या गावाचे नाव त्यात होते त्यांच्यापैकी कितींना तो वाचता आला असेल याची कल्पना करणे कठीण नाही. प्राप्तिस्थान सांगणे हे संपादकाचे कर्तव्य मानले गेले; शोध तेथील लोकांच्या भाषेत परत पोहोचवणे हे कर्तव्य आहे, असे कोणाच्या मनात आले नाही. ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न पुढे स्थानिक विद्वानांकडूनच झाले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील कन्नडचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांनी उत्तर कर्नाटक आणि कोल्हापूर संस्थानातील कोरीव लेखांचा संग्रह १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी धारवाडला कन्नड संशोधन संस्था उभी राहिली. मराठीच्या बाजूने शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ १९६३ मध्ये पुणे विद्यापीठाने काढला.

तोपर्यंत या लेखांना नवेच वजन आले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली, आणि १९६७ च्या महाजन आयोगाने निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला देण्याची व बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवण्याची शिफारस केली. वाद आजच्या लोकांच्या भाषेचा होता. तरी पुस्तिका, व्याख्याने आणि वृत्तपत्रे यांत दोन्ही बाजूंनी कदंब, रट्ट आणि शिलाहार यांना साक्षीला बोलावले. बाराव्या शतकातील राजाने ज्या भाषेत दान कोरवले त्यावरून विसाव्या शतकातील तालुका ठरवता येत नाही, हे लेख संपादणाऱ्यांना ठाऊक होते. एका शासनात संस्कृत आणि कन्नड शेजारी शेजारी नांदतात, शिलाहारांचे आणि रट्टांचे प्रदेश एकमेकांत शिरतात, हे त्यांनीच छापून ठेवले होते. परंतु दाखले देणाऱ्यांपैकी पुष्कळांनी संपादित पाठ न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातील सारांश उचलला आणि अडचणीची ओळ गाळली. बनावट ताम्रपट करणाऱ्याला निदान तांबे आणि कारागीर लागत असे.

अलीकडच्या काळात हा निष्काळजीपणा उद्योगाच्या थराला गेला. बढतीसाठी छापील लेखांचे गुण मोजले जाऊ लागले आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पिकली. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेल्या सुमारे एक हजार नियतकालिकांची तपासणी करून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांपैकी जेमतेम अकरा टक्के निकषांना उतरली. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांहून अधिक नावे यादीतून काढली आणि वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. अनेक नियतकालिकांनी खोटा पत्ता, खोटे संपादक मंडळ आणि खोटा दर्जा छापला होता, म्हणजे कळभावीच्या लेखाप्रमाणेच हवे ते वर्ष आणि हवे ते राजे कोरून घेतले होते.

सीमाभागाच्या वादळाकडे परत वळायचे तर त्यात एक पुस्तक मात्र वेगळ्या रीतीने वागले. सौंदत्ती तालुक्यातील गुर्लहोसूरचे कन्नड संशोधक शंकर बाळदीक्षित जोशी, ज्यांना कन्नड वाचक शं. बा. म्हणून ओळखतात, यांनी १९५२ मध्ये ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. महाराष्ट्राच्या जुन्या संस्कृतीचे मूळ कन्नड थरात आहे, हे मराठी वाचकाला सहज न रुचणारे मत त्यात मांडलेले आहे, आणि ते त्यांनी थेट मराठीत मांडले, जेणेकरून ज्यांना ते खोडायचे असेल त्यांना प्रत्येक आधार आपल्या भाषेत तपासता यावा. त्यांची सर्व अनुमाने टिकलेली नाहीत. तरी पुढे मराठी संशोधक रा. चिं. ढेरे यांच्या १९८४ च्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात कन्नड प्रदेशातील कोरीव लेख आणि दैवतपरंपरा हा विवेचनाचा मुख्य आधार झाला, आणि तोवर मराठीत या पुराव्याची चर्चा करणे म्हणजे सीमेपलीकडच्यांना शरण जाणे, असे मानणाऱ्यांचा आवाजही बराच खाली आला होता.